फूल पाहून रोप घेऊ नये

मृग सरत येतो, आर्द्रेच्या उंबरठ्यावर भोपाळात पावसाची पहिली दमदार सर पडते आणि तापलेल्या अंगणातून मातीचा वास उठतो. त्याच आठवड्यात रोपवाटिकांपुढे माणसांची रीघ लागते आणि रोपांनी भरलेल्या हातगाड्या गल्लोगल्ली फिरू लागतात. वर्षभर कुंडीकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या गृहस्थालाही या दिवसांत एखादे रोप घरी न्यावेसे वाटते. ही हौस चांगलीच आहे. परंतु जुलैत आणलेल्या रोपांपैकी पुढच्या होळीपर्यंत किती जगली, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. रोप मेले की ‘हाताला गुण नाही’ किंवा ‘मातीच वाईट’ असे म्हणून माणसे मोकळी होतात. वास्तविक त्या रोपाचे भवितव्य बहुधा ते विकत घेतले त्याच घटकेला ठरून गेलेले असते.

याचे कारण असे की गिऱ्हाईक रोपाची पारख फुलावरून करते. फूल हे तर रोपवाटिकेतल्या सावलीचे, खताचे आणि नियमित पाण्याचे फळ असते. त्यावरून ते रोप मागल्या दोन महिन्यांत कसे वाढले एवढे कळते; पुढल्या दोन वर्षांत ते आपल्या अंगणात कसे वाढेल हे कळत नाही. ते कळण्यास दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, ज्या जागी ते लावावयाचे ती जागा. आणि दुसरी, त्या रोपाचे मूळ. एक गोष्ट घरी असते आणि दुसरी मातीआड असते. दोन्ही दुकानात डोळ्यांपुढे नसतात, म्हणून दोन्ही विसरल्या जातात.

शिवाजी नगरसारख्या वसाहतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांतील माणसे बिऱ्हाड उचलून येथे आली. त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ होती. सरकारी नोकरांसाठी पुढे ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांपैकी शिवाजी नगर ही एक. माणूस गाव सोडतो, परंतु अंगणातली झाडे मनातून सुटत नाहीत. नागपूरकराला दारी संत्र्याचे झाड हवे असते, कोकणातल्या माणसाला नारळ आणि अनंत हवा असतो, आणि देवपूजेला प्राजक्त, तगर व जास्वंद तर सर्वांनाच हवी असते. यांपैकी काय जगेल आणि काय जगणार नाही, हे आठवणीवर अवलंबून नसते. ते येथल्या हवेवर आणि मातीवर अवलंबून असते.

प्रथम हवा पाहू. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. वर्षाला सरासरी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि जानेवारीतल्या एखाद्या रात्री तो ५ अंशांच्या आसपासही येतो. म्हणजे एकाच झाडाला एकाच वर्षात लू, चिखल आणि कडाका ही तिन्ही सोसावी लागतात. नारळाला बाराही महिने उबदार व दमट हवा लागते. त्यामुळे कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला कोणी विचारीत नाही तो नारळ येथे जगला तरी शोभेपुरताच राहण्याचा संभव अधिक. उलट सीताफळ, आवळा, पेरू, डाळिंब, कडुनिंब, प्राजक्त, कण्हेर ही झाडे उन्हाळा व थंडी दोन्ही सोसणारी आहेत. मात्र कण्हेरीचे पान, फूल, फांदी सारेच विषारी असते. घरात लहान मूल किंवा दारी गाय असेल तर ती अंगणात न लावणेच शहाणपणाचे.

हवेनंतर ऊन. येथे एक फसगत नेहमी होते, आणि तिचे कारण भूगोलाच्या पुस्तकात आहे. कर्कवृत्त भोपाळच्या थोडेसेच उत्तरेकडून जाते. त्यामुळे जूनच्या अखेरीस दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि घराच्या उत्तरेकडील वाफ्यातही लख्ख ऊन पडते. पावसाळ्याच्या तोंडी रोप लावणारा ते ऊन पाहतो व तेथे गुलाब लावतो. परंतु डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलतो. तेव्हा भर दुपारी बारा वाजतासुद्धा दहा फूट उंच भिंतीची सावली दहा फुटांहून किंचित अधिकच लांब पडते. ज्या महिन्यांत गुलाबाला आणि हंगामी फुलांना सर्वांत जास्त उन्हाची गरज, त्याच महिन्यांत तो वाफा अंधारात बुडतो. गुलाब आणि मोगरा यांना दिवसातून किमान सहा तास ऊन हवे. तेवढे नसेल तेथे तगर, मनीप्लँट किंवा नेचे लावावे. रोप घेण्यापूर्वी हिवाळ्यात आपल्या अंगणातले ऊन कोठून कोठे सरकते हे एकदा लक्षपूर्वक पाहून ठेवले, तर पुढची दहा वर्षे ते ज्ञान उपयोगी पडते.

आता माती. भोपाळच्या टेकड्या विंध्याच्या वालुकाश्माच्या आहेत आणि सखल भागात काळी माती आहे. एका अंगणात खोल चिकण माती, तर चढावरच्या दुसऱ्या अंगणात हातभर खणताच खडक लागावा, असे येथे सहज घडते. म्हणून शेजाऱ्याचे झाड आपल्याकडे येईलच असे गृहीत धरू नये. आधी कुदळ मारून पाहावी. काळी माती सुपीक आहे यात शंका नाही. तिचा स्वभाव मात्र ओळखला पाहिजे. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. पावसाळ्यात तिच्यातली हवेची छिद्रे पाण्याने भरून जातात. मुळेही श्वसन करतात, आणि त्यांना लागणारा प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश पाण्यातून पसरतो. म्हणजे चिखलातले रोप पाण्यात उभे राहूनही गुदमरते. अशा रोपाची पाने कोमेजतात. ती पाहून मालकाला वाटते की पाणी कमी पडले, आणि तो आणखी एक तांब्या ओततो.

याची परीक्षा सोपी आहे. फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी साचलेले दिसले तर त्या जागी पपई किंवा संत्रे लावू नये. पपईची मुळे एक-दोन दिवस पाण्यात राहिली तरी झाड बसते. संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या रोग लागतो. सालीतून डिंक वाहू लागतो आणि झाड वर्ष-दोन वर्षांत खंगत जाते. अशा जमिनीत लावावयाचेच असेल तर फूट-दीड फूट उंचवटा करून त्यावर लावावे. खड्ड्यात रोप बसवून भोवती आळे करण्याची कोरड्या गावची रीत काळ्या मातीत पावसाळ्यापुरती तरी सोडून द्यावी.

काळ्या मातीत चुनाही असतो, आणि त्यामुळे लोह मातीत असूनही काही झाडांना ते घेता येत नाही. अनंताचे आणि एक्झोराचे असेच होते. रोपवाटिकेतून आणताना पाने काळोखी हिरवी असतात. सहा महिन्यांत नवी पाने पिवळी होतात आणि फक्त शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेण घालून ते सुधारत नाही, कारण उणीव खताची नसते. अनंताची आवड असेल तर तो मोठ्या कुंडीत, पानांच्या कुजक्या खतात लावावा आणि जमिनीत लावण्याचा हट्ट धरू नये.

तिसरी गोष्ट पाणी. रोपे किती घ्यावीत हे जुलैच्या पावसावर कधीही ठरवू नये. ते मे महिन्याच्या नळावर ठरवावे. जमिनीत लावलेल्या नव्या झाडाला पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी एक-दोन बादल्या पाणी लागते, आणि कुंडीतल्या रोपाला रोज. मे महिन्यात सुटीसाठी गावी जाण्याची मराठी कुटुंबांची चाल आहे. त्या पंधरवड्यात पाणी कोण घालणार, याचे उत्तर तयार नसेल तर वीस कुंड्या घेण्यापेक्षा जमिनीतली चार झाडे बरी. जमिनीत मूळ खोल जाऊन ओल शोधते. कुंडीत ते भिंतीला आपटून परत फिरते.

यानंतर झाडाचे आकारमान. वीतभर रोप पाहून वीस वर्षांनंतरचे झाड डोळ्यांपुढे आणणे कठीण असते. म्हणूनच पिशवीतला कदंब भिंतीपासून तीन फुटांवर लावला जातो आणि वड-पिंपळाचे रोपटे गटाराच्या कडेला राहू दिले जाते. मोठ्या वृक्षाला घरापासून पंधरा-वीस फूट अंतर हवे आणि त्याच्यावरून विजेची तार जाता कामा नये. ज्यांचे अंगण लहान आहे त्यांनी लहान झाड निवडावे, मोठे झाड छाटून लहान ठेवण्याची आशा धरू नये. आंब्याचेच पाहा. देशी आंब्याचे झाड छपरावर जाते. परंतु दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशेरी आणि नीलम यांच्या संकरातून काढलेली आम्रपाली ही जात ठेंगणी आहे. बागेत तिची झाडे अडीच-अडीच मीटर अंतरावरही लावतात, आणि ती एक वर्षाआड न फळता दरवर्षी फळते. वीस फुटांच्या अंगणात हापूसची आठवण लावण्यापेक्षा आम्रपाली लावणे अधिक फलदायी होय.

सरकारी घरात राहणाऱ्या माणसाच्या मनात येथे एक शंका येते. घर आपले नाही, बदली केव्हा होईल याचा नेम नाही. मग चाळीस वर्षांचे झाड कोणासाठी लावावे? या शंकेचे उत्तर शिवाजी नगरच्या रस्त्यांवरच उभे आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात शिवाजी नगर आणि तुलसी नगर या वसाहतींच्या जागी मंत्री व आमदार यांच्यासाठी नवी निवासस्थाने बांधण्याची योजना पुढे आली. तीत सुमारे २९ हजार झाडे जाणार असल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा रहिवासी रस्त्यावर उतरले. स्त्रियांनी झाडांना कवटाळून विरोध नोंदविला, आणि जून २०२४ मध्येच सरकारने ती योजना मागे घेतली. त्या झाडांपैकी कित्येक पन्नास-साठ वर्षांची होती. अंगणात ती लावणारी माणसे केव्हाच निवृत्त होऊन गेली. काही तर या जगातूनही गेली. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. परंतु त्यांच्या सावलीसाठी भांडण्यास पुढच्या पिढीची माणसे उभी राहिली.

या घटनेतून बागकाम करणाऱ्याने आणखी एक बोध घ्यावा. मोठ्या योजनेतून वाचलेले झाड लहान चुकीतून वाचेलच असे नाही. तारांना लागलेली फांदी दरवर्षी तोडली जाते, भिंत फोडणारे मूळ कापले जाते, नळ अडवणारे झाड मुळापासून काढले जाते, आणि त्याविरुद्ध कोणी आवाज उठवीत नाही, कारण तोडणाऱ्याचे म्हणणे खरे असते. अशा झाडावरची कुऱ्हाड ते लावले त्याच दिवशी ठरलेली असते. म्हणून जे झाड आपल्या मुक्कामाहून जास्त जगणार, त्याची निवड आपल्या सोयीने न करता त्याच्या सोयीने करावी.

जागा ठरली, झाड ठरले. आता केव्हा घ्यावे? वृक्ष, फळझाडे, वेली आणि झुडपे जुलै-ऑगस्टात घ्यावीत. हवेत ओलावा असल्याने पानांतून पाणी कमी उडते आणि तुटलेल्या मुळांना सावरण्यास अवधी मिळतो. गुलाब पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्यावा. पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी, कॅलेंड्युला यांसारखी थंडीची हंगामी रोपेही याच सुमारास. मोगरा फेब्रुवारी-मार्चमध्येही चालतो. एप्रिल ते जूनमध्ये मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी नवे रोप घेऊ नये. शेवंतीची गोष्ट थोडी निराळी आहे. रात्री मोठ्या होऊ लागल्या की तिला कळ्या धरतात. अंगणात रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडत असेल तर तिला रात्र झाल्याचे उमगत नाही आणि फुलणे लांबते. अशा घरी शेवंतीची कुंडी परसात न्यावी.

हंगामी रोपे घेताना फुललेले रोप हमखास टाळावे. चिमूटभर मातीत अडकलेले रोप जागा संपली म्हणून घाईने फुलते. त्याची उरलेली शक्ती त्या फुलातच जाते. चार-सहा खरी पाने असलेले, बुटके, जाड देठाचे, अजून कळी न धरलेले रोप दिसायला साधे असते, पण तेच पुढे वाफा भरून काढते.

कलमी झाडांच्या बाबतीत विकत घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की आपण एक नव्हे, दोन झाडे घेत आहोत. गुलाबाचे मूळ असते जंगली गुलाबाच्या खुंटाचे, आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरलेला असतो. खुंट काटक असतो. डोळा सुंदर असतो. हा जोड जमिनीच्या वर स्पष्ट दिसला पाहिजे. जोडाच्या खालून फुटवा आला तर तो जंगली खुंटाचा होय. तो जोमाने वाढतो, आणि मालकाला वाटते की गुलाबाने अंग धरले. वर्षभरात वरची जात मरते व जंगली गुलाब शिल्लक राहतो. ‘लाल गुलाब लावला आणि तो पालटला’ अशी तक्रार ऐकू येते तिचे मूळ हेच. असा फुटवा दिसताच तो बुडापासून ओढून काढावा.

लिंक रोड क्रमांक १ वरील शासकीय गुलाब उद्यान शिवाजी नगरपासून जवळच आहे. तेथे जानेवारीच्या सुमारास अखिल भारतीय गुलाब प्रदर्शन भरते. गुलाबाच्या शौकिनाने ते अवश्य पाहावे. परंतु पाहताना खरेदीची पिशवी घरी ठेवून वही बरोबर न्यावी. प्रदर्शनातले फूल हे निष्णात माळ्याच्या हातचे असते. ऑक्टोबरात केलेल्या छाटणीचा, खताचा आणि उन्हाचा त्यात वाटा असतो. आवडलेल्या जातीची नावे टिपून घ्यावीत, आणि भोपाळच्या उन्हाळ्यात ती जात टिकते का, हे तेथल्याच माळ्यांना विचारून ऑक्टोबरात रोप घ्यावे. गव्हाच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनी दिल्लीत राहून गुलाबाच्या अनेक नव्या जाती तयार केल्या; ‘दिल्ली प्रिन्सेस’ ही त्यांपैकीच एक. दिल्लीचा उन्हाळा पाहिलेला गुलाब येथल्या उन्हाळ्यात अधिक विश्वासाचा, हे उघड आहे.

संत्र्याचेही तसेच. नागपुरी संत्र्याचा डोळा बहुधा जंबेरीच्या खुंटावर भरतात. तो जोड जमिनीपासून निदान वीतभर उंच असावा, म्हणजे पावसाळ्यात त्याला चिखल लागत नाही. आंब्याचे कलम घेताना तर एका मोहापासून विशेष जपावे. पिशवीतल्या हातभर कलमाला कैरी लटकलेली असते आणि गिऱ्हाईक त्यालाच भाळते. कलमाची काडी फळणाऱ्या जुन्या झाडावरून आणलेली असते. तिचे वय मोठे असल्याने ती लगेच मोहरू शकते. मुळे मात्र बाल्यावस्थेतच असतात. ती कैरी म्हणजे अशक्त मुलाच्या डोक्यावर दिलेले ओझे होय. कैरीवाले कलम सोडून नवी पालवी आलेले कलम घ्यावे, आणि पहिली तीन वर्षे मोहोर खुडून टाकावा.

आता मुळाची परीक्षा. देठ बुडाशी धरून हलकेच हलवावा. रोप आणि माती एकत्र हलली तर मुळांनी माती धरली आहे असे समजावे. देठ एकटाच डोलला तर ते रोप जमिनीतून उपटून चार दिवसांपूर्वीच पिशवीत भरलेले असण्याचा संभव आहे. पिशवीच्या तळाची छिद्रे पाहावीत. पांढरी कोवळी टोके डोकावत असली तर उत्तम. काळी, गिळगिळीत मुळे आणि आंबूस वास असेल तर मूळ कुजले आहे. छिद्रांतून जाड मुळे दोरासारखी बाहेर पडली असतील तर रोप पिशवीत फार दिवस अडकून आत वेटोळे झाले आहे. हंगामी फुलाला त्याने फारसे बिघडत नाही. वृक्षाच्या बाबतीत मात्र ते वेटोळे पुढे फासासारखे आवळत जाते, आणि पंधरा वर्षांनंतर एखाद्या वादळात ते झाड उन्मळून पडते. म्हणून लहान पिशवीतल्या उंच रोपापेक्षा मोठ्या पिशवीतले बुटके, जाड खोडाचे रोप नेहमीच श्रेष्ठ. शेवटी पान उलटून पाहावे. पिठ्या ढेकूण, मावा, पांढरी माशी, खवले कीड ही मंडळी पानाखाली आणि बेचक्यातच बिऱ्हाड करतात. असे एक रोप घरी आले तर जुन्या दहा रोपांना ती लागण होते.

रोप कोठून आले हेही माळ्याला विचारावे. देशभरच्या रोपवाटिकांत आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळच्या कडियम गावची रोपे मोठ्या प्रमाणावर येतात. गोदावरीच्या मुखाकडल्या दमट हवेत, हिरव्या जाळीखाली वाढलेले ते रोप भोपाळच्या उन्हात एकदम ठेवले तर पाने करपतात. त्यात रोपाचा दोष नसतो आणि माळ्याचाही नसतो. घरी आणल्यावर ते आठ-दहा दिवस सावलीत, इतर रोपांपासून दूर ठेवावे. मग सकाळचे ऊन, आणि त्यानंतर पूर्ण ऊन अशी सवय लावावी.

लावताना पिशवी पूर्ण काढावी. कडेने फिरलेली मुळे तीन-चार ठिकाणी उभ्या चिरेने कापून मोकळी करावीत. दूरच्या लाल मातीचा गोळा तसाच काळ्या मातीत पुरला तर दोन मातींच्या सीमेवर पाणी अडते, आणि मुळेही गोळ्याबाहेर पडण्यास कचरतात. म्हणून बाहेरची थोडी माती हाताने झाडून मुळांचा जमिनीशी संबंध जोडून द्यावा. पिशवीत रोप जेवढे मातीत होते तेवढेच जमिनीत ठेवावे. खोड पुरू नये. झाड उंच असेल तर आधाराची काठी लावावी, परंतु दोरी सैल बांधावी.

इतके सारे पाहावयाचे म्हटले म्हणजे खरेदीचा आनंदच गेला, असे कोणी म्हणेल. तसे नाही. या परीक्षेला दुकानात दहा मिनिटेही लागत नाहीत. जागेची पाहणी एकदाच करावी लागते. शिवाय सर्वांत खात्रीची रोपे विकत घ्यावीच लागत नाहीत. आपल्याच ओळीतल्या शेजाऱ्याच्या अंगणात जो मोगरा, जी जास्वंद दहा उन्हाळे काढून हसत आहे, तिची फांदी पावसाळ्यात मागून आणावी. ती येथल्याच ऊनपाण्यात वाढलेली आहे. तिच्या खाली आपल्यासारखीच माती आहे की नाही, तेवढे मात्र कुदळीने पाहून घ्यावे. मराठी घरांत हळदीकुंकवाबरोबर फुलझाडाची काडी देण्याघेण्याची चाल आहे, तिच्यात हे शहाणपण पूर्वीपासून आहे. नवे घर मिळाले, नवा शेजार मिळाला, की पहिली ओळख अशा एखाद्या काडीनेच होते.

यंदा पाऊस लागला की नर्सरीत जाणाऱ्याने म्हणून आधी आपले अंगण पाहावे, मग माळ्याला विचारावे, मग मूळ पाहावे, आणि फूल सर्वांत शेवटी पाहावे. तसे घेतलेले रोप कदाचित पहिल्या वर्षी फुलणार नाही. परंतु बदलीचा हुकूम आला तरी ते तेथेच राहील, आणि त्या घरात पुढे येणाऱ्या कुटुंबाच्या परडीत त्याची फुले पडतील.